फुटलेल्या फोनातील ठेव



पूर्वी आपल्या घराघरांतून एक लाकडी पेटी असे. तीत जमिनीचे कागद, सासूने दिलेला शालू, मुलांच्या शाळेचे दाखले आणि परगावी गेलेल्या माणसाची चार पत्रे जपून ठेवलेली असत. घरावर संकट आले की मनुष्य प्रथम त्या पेटीकडे धाव घेई. आज ती पेटी बहुतेक घरांतून नाहीशी झाली असून तिची जागा तळहातावर मावणाऱ्या एका काचेच्या वस्तूने घेतली आहे. फरक एवढाच की जुनी पेटी कोपऱ्यात निश्चल बसून असे. ही नवी पेटी मात्र तुरीच्या शेतात जाते, बसमध्ये चढते, विहिरीच्या कठड्यावर विसावते आणि खेळत्या लेकराच्या हातून जमिनीवर आदळते.

आमच्या सीमाभागात तर या वस्तूचे महत्त्व थोडे अधिकच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. झहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. नकाशावर रेषा पडली. नाती मात्र रेषेच्या दोहों बाजूंस तशीच राहिली. आजी उदगीरला, लेक भालकीला, जावई हैदराबादेत कामाला आणि नातू पुण्यात शिकावयास, अशी कुटुंबे आमच्याकडे शेकड्यांनी आहेत. आळंद व अफझलपूरकडील घरांची सोयरीक सोलापूर-अक्कलकोटाशी. या पांगलेल्या माणसांस एकत्र बांधून ठेवणारा धागा म्हणजे आज फोन होय. म्हणून तो फुटला म्हणजे कुटुंबाचे जे नुकसान होते, त्याचा हिशेब दुकानातील किमतीवरून करता येत नाही. याच विषयावर आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानात घेऊ. फोन फुटणे निराळे आणि त्यातील ठेव जाणे निराळे. फोनाची वरची काच, तिच्याखाली चित्र दाखविणारा पडदा व बोटाचा स्पर्श ओळखणारा थर, आत बॅटरी, खाली चार्जिंगची खाच आणि या सर्वांच्या मागे मुख्य पट्टी, जिला दुकानदार बोर्ड म्हणतात, अशी त्याची रचना असते. आपली चित्रे, संदेश, आवाज हे सारे त्या बोर्डावर बसविलेल्या एका लहानशा चिपमध्ये साठविलेले असते. हातातून पडल्यावर बहुधा फुटते ती काच व पडदा. पडदा काळा पडला, तरी आतील चिप बहुधा जशीच्या तशी असते. दिवाणखान्याच्या खिडकीचे तावदान फुटले म्हणून आतील कपाट जळाले असे कोणी म्हणत नाही. तद्वतच हे आहे. यास्तव पडदा काळा दिसताच “सगळे गेले” असे म्हणून फोन भंगारात टाकणे हा उतावीळपणा होय.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. फोनात जे जे दिसते, ते सारे फोनातच असते असे नाही. याची आठवण आम्हांस बिदरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात झाली. भालकी तालुक्यातील एक वृद्धा तेथे फुटका फोन पदरात गुंडाळून आल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न केला तो पैशाचा.

“बाबा, ह्याच्यात माझ्या पगारीचे पैसे हायेत. गेले का रे ते?”

“नाही आज्जी,” दुकानदार म्हणाला, “पैसे बँकेत असतात. फोन गेला तरी ते जात नाहीत.”

“आन् आधार? रेशनकार्ड?”

“तेही सरकारकडं आहे. पुन्हा काढता येतं.”

वृद्धेस हायसे वाटले. त्या उठू लागल्या, आणि मग थांबून हळूच म्हणाल्या, “आन् मालकांचा आवाज? दवाखान्यातून पाठविला होता त्यांनी. मी रोज रात्री लावून ऐकते.”

दुकानदार क्षणभर काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “तो आवाज आणखी कुणाच्या फोनात आहे का, आज्जी?”

“न्हाई. माझ्याच.”

वाचकहो, या दुकानदाराने जो प्रश्न विचारला, तोच या साऱ्या विषयाचा गाभा आहे. “हे आणखी कोठे आहे का?” ही एक कसोटी लावली की फोनातील ठेवीचे तीन ढीग आपोआप निराळे पडतात.

पहिला ढीग फोनात नसलेल्या वस्तूंचा. बँकेतील पैसा फोनात नसतो. यूपीआयचा पिनही फोनात साठविलेला नसतो. आधार, रेशनकार्ड, वाहन चालविण्याचा परवाना यांच्या नोंदी त्या त्या खात्याकडे असतात, आणि २०१५ साली सुरू झालेल्या डिजीलॉकरमधून त्यांपैकी पुष्कळ कागद नव्या फोनावर पुन्हा उतरवून घेता येतात. शेताची पहाणी कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ योजनेतून केव्हाही मिळते. या गोष्टींसाठी रात्रभर जागण्याचे कारण नाही.

दुसरा ढीग अशा वस्तूंचा, की ज्यांची प्रत कदाचित अन्यत्र असेल. ओळखीच्यांचे क्रमांक गूगलच्या खात्यात जतन केलेले असतील, तर नव्या फोनावर तेच खाते उघडताच ते परत येतात. छायाचित्रांची प्रत गूगल फोटोज किंवा आयक्लाऊड यांकडे जात असेल, तर तीही परत येते. या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. “माझे सारे सिममध्ये आहे” असे आमचे अनेक वडीलधारे म्हणतात. सिममध्ये फार तर अडीचशेच्या आसपास नावे व क्रमांक मावतात, आणि तेही ती मुद्दाम सिमवर ठेवली असतील तर. छायाचित्रे, व्हॉट्सअॅपचे संदेश, आवाज यांतील काहीही सिममध्ये नसते.

तिसरा ढीग त्या एकाच फोनात असलेल्या वस्तूंचा: मृत पित्याचा आवाज, बाळाचे पहिले पाऊल, गावाकडील पाडलेल्या वाड्याचे चित्र, परदेशी गेलेल्या मुलीने लिहिलेला दीर्घ संदेश. कोणतेही सरकार, कोणतीही बँक या वस्तूंची दुसरी प्रत देऊ शकत नाही. फोन फुटल्यावर सारी धडपड करावयाची ती या तिसऱ्या ढिगासाठी. आणि खरे सांगावयाचे तर, फोन फुटण्यापूर्वीच तिसऱ्या ढिगातून या वस्तू दुसऱ्या ढिगात नेऊन ठेवणे, हेच शहाणपण होय.

आता प्रत्यक्ष संकट आले असता काय करावे, ते पाहू.

फोन पाण्यात पडला असेल, तर तो तत्काळ बंद करावा आणि चालू होतो की नाही हे पाहण्याच्या मोहाने चार्जरला लावू नये. ओल्या बोर्डातून वीज गेली म्हणजे जे वाचले असते तेही जळते. तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याची चाल सर्वत्र पडली आहे; परंतु अॅपल कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांस तसे न करण्याचा स्पष्ट सल्ला दिला, कारण तांदळाचे बारीक कण खाचेत शिरून अधिक अपाय करतात. फोन पुसून, खाच खाली करून, वाऱ्यावर सुकू द्यावा आणि ठेव मोलाची असेल तर लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावा. कलबुर्गीच्या वैशाखातील उन्हात तो वाळत घालणे मात्र धोक्याचे. अति उष्णतेने बॅटरी बिघडते. बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले असेल, तर ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. तशी बॅटरी पेट घेऊ शकते.

पडद्यावर चित्र दिसते पण बोटाला दाद देत नाही, असे झाले असेल, तर एक सोपा उपाय आहे. बाजारात ओटीजी नावाची एक लहानशी जोडणी मिळते. तिच्या द्वारे संगणकाचा माऊस बहुतेक अँड्रॉइड फोनांस जोडता येतो. पडद्यावर बाण उमटतो आणि बोटाचे काम माऊस करतो. त्याने कुलूप उघडावे व ठेव नव्या फोनात न्यावी. चित्रच दिसत नसेल, तर मात्र बहुधा पडदा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पडद्याचा खर्च ऐकून लोक मागे फिरतात आणि म्हणतात, त्यापेक्षा नवा फोन का न घ्यावा? नवा अवश्य घ्यावा. परंतु तिसऱ्या ढिगात काही अनमोल असेल, तर एका दिवसापुरता का होईना, जुन्या फोनास पडदा बसवून घ्यावा. त्या भालकीच्या आजींच्या फोनास दुकानदाराने असाच पडदा बसविला, आणि आवाज उदगीरला असलेल्या त्यांच्या लेकीच्या फोनावरही पाठवून दिला. आता तो दोन गावांत आहे.

“फुटका फोन संगणकाला जोडला की सारे निघते” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते पूर्ण खरे नाही. आजचा फोन संगणकाशी जोडला असता प्रथम केवळ चार्ज होतो. आतील ठेव दाखविण्यापूर्वी तो आपले कुलूप उघडावयास सांगतो व मालकाची संमती मागतो. ती संमती पडद्यावरच द्यावी लागते. म्हणजे पुन्हा पडद्याशीच येऊन ठेपतो.

येथे कुलुपाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. महानुभाव पंथाच्या ग्रंथकारांनी आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेल. पोथी हाती असली तरी किल्ली ठाऊक नसणाऱ्यास ती निरर्थक अक्षरांची रास वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांनी परिश्रम केले, तेव्हा कोठे ते भांडार बाहेरच्या वाचकांस उघडले. आजचा फोन नेमके हेच करतो. तो आपली ठेव चिपमध्ये सरळ भाषेत लिहीत नाही, तर सांकेतिक रूपात लिहितो. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांस हे बंधनकारक झाले; आयफोनात ते त्याआधीपासून आहे. त्या संकेताची किल्ली फोनाच्या अंतरंगाशी आणि तुमच्या पिनशी किंवा पॅटर्नशी बांधलेली असते. म्हणून चिप उपटून दुसऱ्या यंत्रात बसविली तरी काही वाचता येत नाही. बोर्ड बिघडला असेल तर तोच बोर्ड, निदान एकदा चालू होण्याइतपत, दुरुस्त करावा लागतो. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली करणारे कारागीर हैदराबाद, पुणे अशा शहरांत आढळतात; यश येईलच असे मात्र कोणीही प्रामाणिक मनुष्य सांगणार नाही.

राजवाड्यांना महानुभावांची किल्ली सापडली. फोनाची किल्ली मात्र विसरल्यावर सहसा सापडत नाही. फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की बोटाचा ठसाही चालत नाही. पिनच द्यावा लागतो. पतीच्या निधनानंतर त्याचा फोन हाती घेऊन बसलेल्या आणि त्यातील मुलांची चित्रे पाहू न शकणाऱ्या विधवा आम्ही पाहिल्या आहेत. फोन धडधाकट, ठेव आत सुरक्षित, पण दार कायमचे बंद. यास्तव घरातील कर्त्या माणसांनी फोनाचा पिन आणि गूगल वा अॅपल खात्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरातील कपाटात ठेवावा आणि ते कोठे आहे हे एका विश्वासू माणसास सांगून ठेवावे. हे पाकीट मृत्युपत्राइतकेच उपयोगी पडते.

जुना फोन उघडला, तर ठेव नव्यात नेण्याचे काम आता फारसे अवघड राहिलेले नाही. नवा फोन पहिल्याने सुरू करतानाच तो विचारतो, जुन्या फोनातून काही आणावयाचे आहे काय? येथे घाईने ‘नको’ म्हणू नये. दोन्ही फोन केबलने जोडून किंवा जवळ ठेवून वायफायने क्रमांक, चित्रे, संदेश, अॅप हे सारे एकाच बैठकीत येते. अँड्रॉइड सोडून आयफोन घेणाऱ्यांसाठी अॅपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचे अॅप आहे. दोन्ही फोन पुरेसे चार्ज करून, निवांतपणे बसून हे काम करावे. पुष्कळ चित्रे असतील तर दोन-तीन तासही लागतात.

मेमरी कार्ड असेल, तर ते काढून नव्या फोनात घालता येते. मात्र जुन्या फोनाने ते आपल्या अंतर्गत साठ्याचा भाग म्हणून वापरले असेल, तर ते अन्य फोनात वाचता येत नाही. त्याची किल्ली जुन्याच फोनात राहते.

व्हॉट्सअॅपची रीत निराळी आहे, आणि आमच्या लोकांची सर्वांत अधिक हानी तेथेच होते. आपले जुने संदेश कंपनीच्या संगणकात साठवून ठेवलेले असतात, अशी अनेकांची समजूत आहे. तसे नसते. ते आपल्या फोनातच असतात, आणि आपण तशी योजना केली असेल तरच त्यांची प्रत अँड्रॉइडवर गूगलच्या खात्यात व आयफोनवर आयक्लाऊडमध्ये जाते. नव्या फोनावर व्हॉट्सअॅप घालून जुनाच क्रमांक दिला की ते विचारते, जुनी प्रत उतरवून घेऊ काय? तेथे ‘होय’ म्हणावे. दोन्ही फोन एकाच जातीचे व चालू असतील, तर २०२३ पासून क्यूआर कोड दाखवून संदेश थेट नव्या फोनात नेण्याचीही सोय झाली आहे.

यात एक खोच आहे, जी आमच्या खेड्यांस विशेष बाधते. ही प्रत घेण्याचे काम फोन सामान्यतः वायफाय असेल तेव्हाच करतो. शहरातील घरी वायफाय असते. औराद वा आळंदच्या खेड्यात बहुतेक घरी नसते. परिणामी ‘रोज प्रत घ्यावी’ अशी खूण करूनही वर्ष-वर्ष प्रत निघतच नाही, आणि मालक निर्धास्त असतो. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ आणि त्यात ‘चॅट बॅकअप’ येथे शेवटची प्रत केव्हा निघाली त्याची तारीख दिसते. ती आजच उघडून पाहावी. जुनी असेल, तर शेजारच्या फोनाचा हॉटस्पॉट घेऊन, अथवा मोबाईल डेटावर प्रत घेण्याची परवानगी देऊन, ती ताजी करावी. व्हिडिओंची प्रत मुद्दाम सांगितल्यावाचून निघत नाही, हेही ध्यानी ठेवावे. आणखी असे की, गूगलचे फुकट कोठार १५ जीबींचे आहे. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सअॅपची प्रत, ही दोन्ही त्याच कोठारात मोजली जातात. कोठार भरले की प्रत थांबते. ‘सुप्रभात’च्या फुलांची हजारो चित्रे काढून टाकली, तर आईच्या चित्रासाठी जागा होईल.

बँकेची अॅप नव्या फोनावर नव्यानेच नोंदवावी लागतात. बँकेत नोंदविलेल्या क्रमांकाचे सिम नव्या फोनात असावे, कारण अॅप त्याच सिमवरून संदेश पाठवून ओळख पटविते. सिमच हरवले वा मोडले असेल आणि नवे घेतले असेल, तर पहिले २४ तास त्यावर संदेश येत-जात नाहीत. ती फसवणूक टाळण्यासाठी केलेली व्यवस्था आहे, तेव्हा घाबरू नये. अशा गडबडीच्या वेळी “आम्ही तुमचा डेटा परत आणून देतो, फक्त ओटीपी सांगा” असे गोड बोलणारे फोन येतात. ओटीपी कोणासही सांगू नये, कोणी पाठविलेले अॅप घालू नये. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुरुस्तीस फोन देताना एक नैतिक बाजूही आहे. आपल्या फोनात केवळ आपल्याच गोष्टी नसतात. बहिणीने विश्वासाने लिहिलेले दुःख, शेजाऱ्याची आर्थिक अडचण, मुलीची चित्रे, हेही त्यात असते. आपण त्यांचे राखणदार आहोत. बिदर-कलबुर्गीतील बहुसंख्य कारागीर सचोटीचे आहेत, याविषयी आम्हांस शंका नाही. तरीही शक्य तर काम आपल्यासमोर करवून घ्यावे, आणि पडदा वा बॅटरी बदलण्यास पिनची गरज असतेच असे नाही, हे ठाऊक असू द्यावे. सॅमसंग, गूगल यांच्या अलीकडील अनेक फोनांत दुरुस्तीच्या वेळेपुरती खाजगी ठेव झाकून ठेवण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा. ठेव नव्या फोनात गेली तरी जुना लगेच विकू नये. महिनाभर जवळ ठेवून, काही राहिले नाही ना, हे पाहावे. मग त्यातून आपली खाती काढून, तो पूर्ण पुसून, मगच तो हातावेगळा करावा. नुसती चित्रे काढून टाकणे पुरेसे नाही. फॅक्टरी रीसेट केल्यावर किल्लीच नष्ट होते आणि उरलेले कोणासही वाचता येत नाही.

आतापर्यंत सांगितले ते सारे संकट आल्यानंतरचे. परंतु खरा धडा संकटापूर्वीचा आहे, आणि तो शिकण्यास बिदरकरांस दूर जावे लागत नाही. बिदर शहरात महमूद गवानचा मदरसा आहे. इराणातील गिलान प्रांतातून आलेल्या या बहामनी वजिराने १४७२ साली तो बांधला. त्यात तीन हजार ग्रंथांचा संग्रह होता असे इतिहासकार सांगतात. १४८१ साली गवानचा शिरच्छेद झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज दोन मिनारांपैकी एक उभा आहे आणि निळ्या फरशांचे काही तुकडे भिंतीवर आहेत. ग्रंथ मात्र तेथे नाहीत. परंतु याच गवानने सुलतानांस, विद्वानांस व आपल्या आप्तांस लिहिलेली पत्रे ‘रियाज-उल-इन्शा’ या संग्रहात आजही वाचावयास मिळतात. ती का वाचली? त्या संग्रहाच्या प्रती निरनिराळ्या हातांनी उतरविल्या आणि निरनिराळ्या गावी नेल्या, म्हणून. ज्या दगडी भिंतींवर विश्वास ठेवला होता त्या पडल्या. जे कागद हातोहात फिरले ते टिकले.

आमच्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांविषयीही पूर्वसूरींनी हेच धोरण ठेविले होते. १९१७ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंवर असे बंधन घातले की स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू इत्यादींच्या नोंदवह्यांची एक अधिकृत प्रत दर वर्षाअखेर धर्मप्रांताच्या कचेरीकडे पाठवावी. वाळवी, पाऊस, आग यांस एका गावची वही सापडेल. दोन गावच्या दोन वह्या एकाच रात्री सापडणार नाहीत, इतका साधा विचार त्यामागे होता. तोच विचार आज प्रत्येक घराने करावयाचा आहे.

यास्तव आमची वाचकांस सूचना अशी. महिन्यातील एक ठरावीक दिवस निवडावा. त्या दिवशी घरातील तरुण मुलाने किंवा मुलीने आजी-आजोबांच्या शेजारी बसावे आणि विचारावे, “आज्जी, ह्यातलं काय गेलं तर तुम्हांला रडू येईल?” त्या जे दाखवितील, ती चित्रे व ते आवाज प्रथम दुसऱ्या फोनावर पाठवावे, मग खात्यातील प्रत ताजी झाली की नाही ते पाहावे, आणि वर्षातून एकदा तरी ते सारे पेनड्राइव्हवर उतरवून परगावच्या नातेवाइकाकडे ठेवावयास द्यावे. भालकीचे उदगीरला, उदगीरचे भालकीला. काही निवडक चित्रे कागदावर छापून घेतली तर अधिकच उत्तम. कागदास ना पिन लागतो, ना चार्जर.

या कामास अर्धा तास पुरतो. आजींनी कोणते चित्र प्रथम दाखविले, हे पाहून नातवासही आपल्या घराविषयी काही नवे कळेल, असा आमचा भरवसा आहे. ज्या घरी हा लेख वाचला जाईल, तेथे एका फोनाची शेवटच्या प्रतीची तारीख आजच पाहिली जावो, एवढे बोलून आम्ही वाचकांची रजा घेतो.